आठ माणसं की आठ हजार पौंड?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक पान असतं. मागच्या महिन्यात त्या पानावर अमेरिकेत जुनी मोठी एसयूव्ही घेण्याबद्दल लेख आला होता. लेख आपुलकीने लिहिलेला आहे. कुटुंब मोठं असेल, आईवडील सहा-सहा महिने येऊन राहत असतील तर अशी गाडी सोयीची, हे मलाही मान्य आहे. पण त्यातलं एक वाक्य वाचून मी पेपर खाली ठेवला: ‘आठ माणसं आरामात बसतात आणि वर आठ हजार पौंडांचा ट्रेलर ओढला जातो.’ पौंड इथे वजनाचे, आठ हजार म्हणजे सुमारे 3,600 किलो. त्या वाक्यातला ‘आणि’ चुकीचा आहे. त्या एका शब्दापायी आमचं सात जणांचं कुटुंब एका घाटात जिवावरच्या प्रसंगातून गेलं, म्हणून हे पत्र लिहिते आहे. थोडं लांबेल, पण कापू नये अशी विनंती.

आम्ही कोलोरॅडोत राहतो. मी, माझा नवरा, तीन मुलं आणि आमच्याकडेच असणारे सासू-सासरे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुना कॅम्पर ट्रेलर घेतला. सासऱ्यांना गुडघ्यांमुळे तंबूत जमिनीवर झोपता येत नाही, पण डोंगरात राहायची हौस दांडगी. पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि बाथरूम असलेला ट्रेलर घेतला तर सगळेच जातील, एवढा साधा विचार. मग तो ओढायला गाडी हवी. पाच-सहा वर्षं जुनी, तीन रांगांची, व्ही-8 इंजिनाची मोठी एसयूव्ही एका विक्रेत्याकडे मिळाली. गाडीचं आणि विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या गाडीबाबत घडू शकतं. विक्रेता म्हणाला, ‘ही आठ हजारांच्या वर ओढते, तुमचा ट्रेलर तर सहाच हजारांचा.’ आम्ही मान डोलावली. दोन हजार पौंड शिल्लक राहतात असा आमचा हिशोब.

मी हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते. लहान मुलाचं औषध असलं की आधी त्याचं वजन बघायचं आणि त्यावरून मात्रा काढायची, हे मी रोज करते. गाडी घेताना मात्र घरातल्या कुणाचंही वजन कुठे मांडावं लागेल हे माझ्या मनात आलं नाही. ही चूक माझी आहे आणि ती मला अजून सलते.

पहिलाच प्रवास डेन्व्हरहून पश्चिमेला, आय-70 महामार्गाने डिलनच्या जलाशयाकडे. मध्ये आयझेनहॉवर बोगदा लागतो, तो अकरा हजार फुटांच्याही वर आहे. चढताना इंजिन ओरडत होतं, ट्रान्समिशनच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या, तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर गेला होता. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के कमी होते, म्हणजे त्या उंचीवर जवळजवळ एक तृतीयांश ताकद गेलेली असते. हे नंतर कळलं. तेव्हा आम्ही फक्त एसी बंद केला आणि खिडक्या उघडल्या.

खरा प्रसंग बोगदा ओलांडल्यावर आला. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत सलग उतार आहे, सात टक्क्यांपर्यंतचा. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे रॅम्प केलेले आहेत, यावरून कल्पना यावी. गाडीचं बूड दबलेलं आणि नाक वर. स्टिअरिंग हलकं पडलं होतं, चाकं रस्त्याला नुसती टेकलेली असावीत तसं. एक अठरा चाकी ट्रक शेजारून पुढे गेला. त्याच्या हवेच्या झोताने ट्रेलरचं मागचं टोक आधी एका बाजूला गेलं, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या, आणि प्रत्येक हेलकावा आधीपेक्षा मोठा. मागे ट्रेलर हलला की पुढे आमची गाडी हलत होती. नवऱ्याने ब्रेक जोरात दाबला नाही, अ‍ॅक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, म्हणून आम्ही वाचलो. गाडीत कुणी बोललं नाही. सासूबाईंनी धाकट्याचं डोकं मांडीवर दाबून धरलं होतं. खाली पोचलो तेव्हा ब्रेकचा जळका वास गाडीच्या आत भरला होता.

सिल्व्हरथॉर्नच्या पेट्रोल पंपावर नवरा दार उघडं टाकून सीटवर तसाच बसून राहिला. मी त्याला पाणी द्यायला गेले आणि चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं लेबल दिसलं. लेबलं वाचणं हा माझा धंदाच आहे, म्हणून वाचलं. माणसं आणि सामान मिळून एकूण वजन 674 किलो म्हणजे 1,487 पौंडांपेक्षा कधीही जास्त असू नये, असं त्यावर इंग्रजीत छापलं होतं. आमच्या गाडीची खरी मर्यादा ही होती आणि गाडी घेतल्यापासून ती आमच्या कोपराजवळ चिकटलेली होती.

मी तिथेच फोनवर बेरीज केली. नवरा 185 पौंड, मी 140, सासरे 160, सासूबाई 135, मोठा मुलगा 130, मुलगी 85, धाकटा 45 आणि त्याची सीट 20. झाले 900. उरले 587. मागच्या डिकीत कूलर, बॅगा, सासऱ्यांची घडीची खुर्ची आणि अवजारं मिळून दीडशे. उरले 437. आता ट्रेलरची पुढची दांडी, जी गाडीच्या मागच्या हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या, बॉलवर टेकते. तिचा भार इथे टंग वेट म्हणून ओळखला जातो आणि तो गाडीच्या पाठीवरच येतो. म्हणजे तोही या 1,487 मध्येच धरायचा. आमचा ट्रेलर माहितीपत्रकात 5,200 पौंडांचा, पण तो रिकामा. पिण्याच्या पाण्याची टाकी 40 गॅलनची, ती भरली की एकट्या पाण्याचे 330 पौंड होतात. बॅटरी, गॅसच्या दोन टाक्या, भांडीकुंडी, पांघरुणं, आठवड्याचा शिधा. पुढे वजनकाट्यावर नेला तेव्हा तो 6,100 भरला आणि दांडीवरचा भार 732. हिचचं लोखंड आणखी 25. सगळं मिळून 1,807. मर्यादेपेक्षा 320 पौंड, म्हणजे 145 किलो जास्त. आणि तरी ‘आठ हजार’ या आकड्यापासून आम्ही दोन हजारांनी लांबच होतो.

मग तो आठ हजारांचा आकडा खोटा असतो का? नाही. तो वेगळ्या गाडीचा असतो, जवळजवळ रिकाम्या. ओढण्याची क्षमता कशी मोजायची याचं एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेचं जे2807 नावाचं एक मानक आहे. ते आधी टोयोटाने 2011 च्या मॉडेलपासून पाळलं, बाकीच्यांनी नंतर. ती चाचणी कडक आहे. अ‍ॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा घाट, अकरा मैलांहून जास्त चढ, एसी पूर्ण चालू ठेवून ठरावीक वेग टिकवायचा. पण त्या हिशोबात गाडीत माणसं धरतात दोन, प्रत्येकी 150 पौंडांची. आमच्या गाडीत सात होती. प्रत्येक जादा माणूस आणि प्रत्येक बॅग त्या आकड्यातून वजा करायची असते, हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

दांडीवरचा भार कमी करून टाकावा, असं वाटेल. आमच्या ओळखीच्या एकाने तोच सल्ला दिला होता: सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला ठेवा, गाडी दबणार नाही. कृपा करून असं कुणी करू नये. अशा ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर लागतोच. तो दहाच्या खाली गेला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, आणि ते हलणं कसं असतं हे मी वर लिहिलं आहे. आमच्या बाबतीत दांडीवर भार पुरेसा होता, पण तो गाडीला पेलवत नव्हता. तिथे साधी तरफ आहे. हिचचा बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या (मागच्या चाकांच्या आसाच्या) साधारण पाच फूट मागे आणि दोन अ‍ॅक्सलमध्ये दहा फूट अंतर धरा. बॉलवर 700 पौंड ठेवले की मागच्या अ‍ॅक्सलवर 1,050 येतात आणि पुढची चाकं 350 पौंडांनी हलकी होतात. वळायचं आणि ब्रेकचं मुख्य काम पुढच्या चाकांचं. तीच उचलली गेली तर चालवणारा कितीही सराईत असो.

यावर तोडगा म्हणून वजन वाटून देणारा हिच मिळतो. त्यात दोन पोलादी पट्ट्या असतात, त्या ताणून बसवल्या की मागे साचलेला भार पुढच्या चाकांकडे आणि थोडा ट्रेलरच्या चाकांकडे जातो. फार उपयोगी वस्तू आहे आणि घेतलाच पाहिजे. विक्रेत्याने आम्हाला नुसता बॉल लावून दिला होता. बंपरखाली वाकून पाहिलं तर तिथेही लेबल होतं: नुसत्या बॉलवर 5,000 पौंडांचा ट्रेलर आणि दांडीवर 500, वजन वाटणारा हिच असेल तरच त्यापुढे. अनेक गाड्यांच्या हिचवर असे दोन आकडे असतात. पण या हिचमुळे दारावरच्या पिवळ्या लेबलचा आकडा वाढत नाही. आता आमच्या गाडीत जागा झाली, असं समजणारे मला भेटले आहेत.

तुमच्या लेखातली दुसरी खटकलेली गोष्ट म्हणजे ‘जुनी घ्यायची तर सगळ्यात वरचं मॉडेल घ्या, किंमत उतरलेली असते’ हा सल्ला. ट्रेलर ओढायचा नसेल तर खुशाल घ्यावं. ओढायचा असेल तर ते उलटं पडतं. काचेचं छप्पर, मागच्यांसाठी व्हिडिओचे पडदे, विजेने दुमडणाऱ्या सीटा, 22 इंची चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह, या सगळ्याला वजन आहे आणि ते त्याच मर्यादेतून जातं. एकाच नावाच्या, एकाच वर्षाच्या दोन गाड्यांच्या लेबलांत दोन-तीनशे पौंडांचा फरक मी स्वतः वाचला आहे. म्हणून मॉडेलची माहिती शोधत बसण्यापेक्षा जी गाडी घ्यायची तिचं दार उघडून तिचंच लेबल वाचावं. विकणारा लांब राहत असेल तर त्याला त्या लेबलचा फोटो पाठवायला सांगावं. फोटो पाठवायला टाळाटाळ करणाऱ्याकडे जाऊ नये.

जुनी गाडी पाहायला गेल्यावर लोक बॉनेट उघडतात. मी आता आधी मागे जाते आणि खाली वाकते. हिचच्या चौकोनी नळीत बोट घालून बघावं: आतला रंग पूर्ण घासून चकचकीत झाला असेल, पिनचं भोक गोल न राहता लांबट झालं असेल, तर या गाडीने खूप ओढलं आहे, विकणारा काहीही सांगो. ओढलं म्हणून गाडी वाईट ठरत नाही, पण मग ट्रान्समिशनचं तेल बदलल्याच्या पावत्या मागायच्या. नव्या गाड्यांत ते तेल बघायची पट्टी बहुधा नसते, गाडी लिफ्टवर चढवावी लागते. स्वतंत्र मेकॅनिककडून हे करून घ्यायला लागणारे पैसे वाचवू नयेत. तेल तांबूस असेल तर ठीक. काळपट आणि करपलेल्या वासाचं असेल तर ती गाडी सोडून द्यावी. ट्रान्समिशनसाठी वेगळा कूलर आहे का, ट्रेलरच्या तारा जोडायचं सात पिनांचं सॉकेट आहे का आणि ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर बसवलेला आहे का हेही तेव्हाच बघावं. कारखान्यातून ‘टो पॅकेज’सह, म्हणजे ट्रेलर ओढायच्या साहित्यासह, आलेल्या गाडीत हे बहुतेक असतं. नंतर बाहेरून नुसता हिच जोडलेल्या गाडीत नसतं, आणि दोन्ही गाड्या मागून सारख्याच दिसतात. इथल्या बऱ्याच राज्यांत 3,000 पौंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक कायद्यानेच लागतात. कंट्रोलर नसेल तर ट्रेलरचे विजेचे ब्रेक असून नसल्यासारखे. त्या दिवसापर्यंत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की गिअरच्या दांड्यावर ‘टो-हॉल’चं बटण आहे आणि ते दाबलं की उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये राहते, ब्रेक जळत नाहीत.

मैलांइतकेच तास महत्त्वाचे. बऱ्याच मोठ्या गाड्यांच्या पडद्यावर इंजिन किती तास चाललं ते दिसतं. गेल्या हिवाळ्यात नणंदेसाठी एक गाडी पाहिली. मैल फक्त 96,000, रंग झकास, आतल्या सीटा नव्यासारख्या. तास पाहिले तर 6,400. भागाकार केला, ताशी पंधरा मैल. म्हणजे ती गाडी उभ्या उभ्या तासन्‌तास चालू ठेवलेली होती. इंजिनाने मैलांपेक्षा कितीतरी जास्त काम केलं होतं. दुसऱ्या दाराच्या खांबावर स्क्रूंची बुजवलेली भोकंही सापडली, म्हणजे तिथे पूर्वी काहीतरी उपकरण बसवलेलं होतं. ती आम्ही घेतली नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करून ऐकावं. विकणाऱ्याला आधी सांगून ठेवावं की मी येईपर्यंत सुरू करू नका. शेव्हर्ले टाहो आणि सबर्बन, जीएमसी युकॉन यांच्या 5.3 लिटरच्या व्ही-8 मध्ये 2007 पासून कमी जोर लागतो तेव्हा निम्मे सिलिंडर बंद ठेवायची सोय आहे. त्यातले लिफ्टर (इंजिनाच्या झडपा उचलणारे भाग) अडकतात, मग टिकटिक ऐकू येते आणि दुरुस्ती खर्चिक असते. फोर्ड एक्स्पिडिशनच्या 3.5 लिटर टर्बो इंजिनात थंड सुरुवातीला क्षणभर खडखड झाली तर कॅम फेजरची (झडपा उघडायची वेळ सांभाळणाऱ्या भागाची) शंका घ्यावी. ही इंजिनं वाईट आहेत असं म्हणत नाही. लाखो मैल चाललेल्या गाड्या रस्त्यावर आहेत. उंचावर तर टर्बोवाल्या इंजिनाचा फायदाच होतो. पण कान देऊन ऐकलं तर पुढचा मोठा खर्च टळतो.

रिकॉलचं, म्हणजे कंपनीने दोषासाठी गाड्या परत बोलावण्याचं, तर अजिबात सोडू नये. गाडीचा सतरा आकडी-अक्षरी क्रमांक अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकला की बाकी राहिलेली दुरुस्ती फुकट कळते आणि अधिकृत विक्रेत्याकडे फुकट करूनही मिळते. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगांमुळे 2007 ते 2014 या वर्षांच्या जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हर्ले आणि जीएमसीची कंपनी) मोठ्या पिकअप आणि एसयूव्ही, सुमारे 59 लाख, परत बोलावण्याचा आदेश नोव्हेंबर 2020 मध्ये निघाला. स्वस्तात मिळणाऱ्या गाड्या नेमक्या याच वर्षांच्या असतात. एप्रिल 2025 मध्ये जीएमच्याच 2021 ते 2024 च्या 6.2 लिटर इंजिनाच्या सुमारे 6 लाख गाड्यांना क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी बोलावलं. फटका बसल्यावर फुगायच्या जागी फुटणारी एअरबॅग मुलासमोर असणं आणि ते आपल्याला माहीत नसणं, याचा मला विचारही करवत नाही.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, ‘सॅल्व्हेज’ (भंगारात निघालेली), ‘रीबिल्ट’ (त्यातून पुन्हा उभी केलेली) किंवा ‘फ्लड’ (पुरात बुडालेली) असा शिक्का असेल तर आपलं कुटुंब त्यात बसवू नये. विक्रेत्याला गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ लावावंच लागतं, त्यात ‘अ‍ॅज इज’ला खूण असेल तर दारातून बाहेर पडल्यावर बिघाड तुमचा. तोंडी आश्वासन त्या कागदापुढे टिकत नाही.

आता तिसरी रांग. आपल्याकडचे आईवडील येतात तेव्हा बहुतेक घरांत मुलं तिसऱ्या रांगेत जातात आणि आजी-आजोबा मधल्या. टाहोसारख्या 2015 ते 2020 च्या गाड्यांत मागचा अ‍ॅक्सल अखंड असल्यामुळे तिसऱ्या रांगेची जमीन उंच आहे. उंच मुलाचे गुडघे छातीशी येतात. मागे सामानाला जागा 15.3 घनफूट, म्हणजे सात माणसांच्या बॅगा नाहीच. तिचीच लांब बहीण सबर्बन, तिच्यात 39.3. 2021 पासून मागचं सस्पेन्शन बदललं आणि टाहोतही 25.5 घनफूट झाली. लहान मुलांची सीट अडकवायचे खालचे हुक तिसऱ्या रांगेत सगळीकडे नसतात, आणि मूल व सीट मिळून 65 पौंडांच्या वर गेले की ते हुक सोडून पट्ट्याने बांधावी लागते. घरातली सगळी माणसं आणि त्यांच्या सीटा घेऊन गाडी पाहायला जा, हे मी सगळ्यांना सांगते. सासऱ्यांनी नणंदेच्या गाडीत चढून-उतरून दाखवलं होतं. पायरी नव्हती म्हणून एक गाडी तिथेच बाद झाली.

टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, जुना टायर भाराखाली फुटतो. ट्रेलरच्या टायरांचंही तेच, कारण ट्रेलर वर्षातले नऊ महिने उन्हात उभाच असतो.

खरोखर सात-आठ माणसं आणि सहा हजारांचा ट्रेलर असं दोन्ही एकदम न्यायचंच असेल, तर साध्या एसयूव्हीचा हट्ट सोडावा लागतो. पूर्वी फोर्डची एक्स्कर्शन होती, 2000 ते 2005, आणि सबर्बनचंच 2500 नावाचं जड रूप 2013 पर्यंत मिळत होतं. ती पिकअपच्या जाड चौकटीवरची, भार पेलणारी. आज त्या जुन्या झाल्या, गंजलेल्या निघतात. नाही तर माणसांसाठी मिनीव्हॅन आणि ओढायला मोठा पिकअप, अशा दोन गाड्या. नुसती माणसंच न्यायची असतील तर मिनीव्हॅन केव्हाही सोयीची, आणि 3,500 पौंडांपर्यंत तीही ओढते.

आमचं काय झालं ते सांगते. त्या वेळी जलाशयावरून परत येताना पाण्याच्या टाक्या रिकाम्या केल्या. मी, सासू-सासरे आणि मुलं एका मित्रकुटुंबाच्या गाड्यांतून आलो आणि नवरा एकटा ट्रेलर घेऊन उजव्या मार्गिकेतून ट्रकांच्या मागे हळूहळू आला. पुढच्या आठवड्यात ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन केलं. वीस डॉलरच्या आत पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर अशी तिन्ही वजनं छापून मिळतात. मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादाही ओलांडली होती. गाडी तीच ठेवली, ट्रेलर विकला. आताचा लहान ट्रेलर भरलेला 3,600 पौंडांचा आहे, दांडीवर 432, वजन वाटणारा हिच 85, माणसांचे 900. बेरीज 1,417. शिल्लक 70 पौंड. त्यात सासऱ्यांची औषधं, पाण्याच्या बाटल्या आणि मुलीची वह्या-रंगांची पिशवी बसते. बाकी सगळं ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या वर, मधोमध. पलंग दोन कमी झाले, म्हणून मोठा मुलगा बाहेर तंबूत झोपतो. तो वर्षाला दहा-बारा पौंडांनी वाढतो आहे, तेव्हा दर उन्हाळ्यात घरातल्या सगळ्यांना काट्यावर उभं करून मी नवी बेरीज करते आणि तो कागद गाडीच्या कप्प्यात ठेवते.

आपले बरेच वाचक असे आहेत की त्यांची मुलं-सुना इकडे आहेत, आणि ‘मोठी गाडी घ्या, सुरक्षित असते’ असा आग्रह ते फोनवर करतात. माझ्या सासऱ्यांनीही केला होता, प्रेमापोटी. त्यांनी गाडी किती सिलिंडरची हे विचारण्याआधी दारावरचा आकडा विचारावा. सोबत आमच्या गाडीच्या त्या पिवळ्या लेबलचा फोटो जोडला आहे. लेखातलं ते वाक्य दुरुस्त करून येत्या रविवारी त्याच पानावर हा फोटो मोठा छापावा, म्हणजे काय शोधायचं ते वाचकांना दिसेल.

आपली नियमित वाचक,
डेन्व्हर परिसर, कोलोरॅडो